क्लासमध्ये कॉलम आहे, टेबलात नाही: एसक्यूएल-अल्केमीतली नेहमीची अडचण

बेळगाव जिल्ह्यातली निपाणी-चिकोडीकडची दूध संस्था असो की खानापूर भागातली सोसायटी, पायथनमध्ये लिहिलेल्या हिशेबाच्या छोट्या प्रणालीत एक तक्रार फिरून फिरून येते. सभासदाच्या क्लासमध्ये "नाव_कन्नड" असा नवा कॉलम टाकला, कारण सरकारी कार्यालयात जाणारी यादी कन्नडमध्ये लागते. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. सभासद यादी उघडली की एरर. एसक्यूलाइट असेल तर "नो सच कॉलम", पोस्टग्रेस असेल तर कोड 42703, मायएसक्यूएल असेल तर 1054. क्लासची फाइल उघडावी तर कॉलम तिथे डोळ्यांसमोर दिसतो.

ही एरर आणि तिचे भाऊबंद कसे ओळखायचे आणि कसे निस्तरायचे, ते खाली दिलं आहे. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंग. उदाहरणं एसक्यूएल-अल्केमी 2.0 (पायथनच्या क्लासमधून डेटाबेस वापरू देणारी लायब्ररी) आणि अलेम्बिक (तिच्या जोडीचं मायग्रेशनचं, म्हणजे चालू टेबलांची रचना टप्प्याटप्प्याने बदलण्याचं साधन) यांची आहेत. जँगो या पायथनच्या दुसऱ्या चौकटीत मायग्रेशनची सोय आतच असते, त्यामुळे तिथे कमांड वेगळ्या, पण दुखणी बरीचशी हीच.

असं का होतं

क्लास हे टेबलाचं वर्णन आहे. ते पायथनच्या मेमरीत, "बेस.मेटाडेटा" या यादीत राहतं. प्रत्यक्ष टेबल डेटाबेसकडे असतं. "क्रिएट_ऑल" चालवलं की ते मेटाडेटातलं एकेक टेबल घेतं आणि डेटाबेसला एवढंच विचारतं: या नावाचं टेबल आहे का? नसेल तर बनवतं, असेल तर पुढे जातं. आत कॉलम किती, कुठल्या प्रकारचे, हे ते बघतच नाही. पुढे क्वेरीची वेळ आली की अल्केमी क्लासमधले सगळे कॉलम नावानिशी "सिलेक्ट"मध्ये लिहिते आणि डेटाबेस तिथे अडतो. म्हणूनच कन्नड नावाशी काडीचा संबंध नसलेली पानंही एकदम बंद पडतात. दुधाच्या बिलात सभासदाचा फक्त खाते क्रमांक हवा असला तरी क्वेरी सगळ्या कॉलमांची जाते.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे "ड्रॉप_ऑल करून क्रिएट_ऑल करा" किंवा "डीबी फाइल उडवा". स्वतःच्या लॅपटॉपवर, नमुन्याच्या चार ओळी असताना चालेल. संस्थेच्या मशीनवर हा उपाय म्हणजे सगळं संकलन, सगळी येणीबाकी साफ. पुढचं काहीही करण्याआधी बॅकअप घ्या: पोस्टग्रेसला "पीजी_डंप", मायएसक्यूएलला "मायएसक्यूएल-डंप", एसक्यूलाइटला त्याच्या कमांड-लाइनमधली ".बॅकअप". एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. वॉल मोड चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या "-वॉल" फाइलमध्ये असतात, आणि मुख्य फाइल एकटी उचलली की त्या सुटतात.

आधी तीन ओळी प्रिंट करा

अंदाजाने दुरुस्ती करत बसण्यापेक्षा प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथेच, "क्रिएट_ऑल"च्या लगेच आधी, तीन गोष्टी छापून घ्या.

पहिली, "इंजिन.यूआरएल". आपण नेमके कुठल्या डेटाबेसशी जोडलेलो आहोत ते कळतं. पासवर्डच्या जागी तीन तारे येतात, त्यामुळे लॉगमध्ये गेलं तरी बिघडत नाही. दुसरी, "बेस.मेटाडेटा.टेबल्स.कीज()". पायथनला कुठली टेबलं माहीत आहेत त्याची ही यादी. तिसरी, "इन्स्पेक्ट(इंजिन).गेट_कॉलम्स('सभासद')". डेटाबेसात खरोखर काय आहे ते यात दिसतं.

दुसरीत टेबल नसेल तर दोष पायथनच्या बाजूचा. दुसरीत आहे आणि तिसऱ्या ओळीवर "नो सच टेबल" आलं, तर पहिली ओळ नीट वाचा, बहुधा डेटाबेसच चुकीचा आहे. दोन्हीकडे टेबल आहे पण कॉलम जुळत नाहीत, तर सरळ मायग्रेशनच्या भागाकडे जा.

टेबलच सापडत नाही

मेटाडेटाची यादी रिकामी दिसली तर कारण जवळजवळ नेहमी इम्पोर्टचं असतं. क्लासची फाइल जोवर इम्पोर्ट होत नाही, तोवर तो क्लास यादीत चढत नाही. "मॉडेल्स" फाइलमध्ये "सभासद", "संकलन", "जमीन" असे तीन क्लास आहेत, पण "मेन"मध्ये फक्त "बेस" दुसऱ्या फाइलमधून आणला, तर "क्रिएट_ऑल" रिकाम्या यादीवर चालतं आणि कसलीही कुरकुर न करता संपतं. एररसुद्धा येत नाही. "क्रिएट_ऑल"च्या आधी "इम्पोर्ट मॉडेल्स" लिहा. एडिटर ती ओळ "वापरात नाही" म्हणून फिकट दाखवेल. नीटनेटकेपणासाठी काढून टाकू नका.

यादीत काही टेबलं आहेत आणि काही नाहीत, शिवाय फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) "नो-रेफरन्स्ड-टेबल-एरर" येते, तर "बेस" दोन ठिकाणी तयार झाला आहे का पाहा. दोन "बेस" म्हणजे दोन मेटाडेटा. एकातल्या "संकलन"ला दुसऱ्यातला "सभासद" दिसत नाही. "बेस" एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि सगळीकडे तिथूनच आणा.

टेबल आहे पण एकच कॉलम गायब असेल, तर त्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिला आहे का बघा. क्रिएट-टेबलच्या एसक्यूएलमधून ओळी उचलून क्लासमध्ये डकवल्या की हा स्वल्पविराम सोबत येतो. पायथनच्या लेखी मग तो कॉलम उरत नाही, एका घटकाचा टपल होतो. अल्केमी तो सोडून देते आणि फक्त इशारा देते: "इग्नोरिंग डिक्लरेटिव्ह-लाइक टपल व्हॅल्यू". हा इशारा लॉगच्या गर्दीत वाहून जातो.

आता यूआरएल. एसक्यूलाइटच्या यूआरएलमध्ये कोलननंतर तीन तिरक्या रेघा असतील तर पुढचा पत्ता चालू फोल्डरच्या सापेक्ष धरला जातो; लिनक्सवर पूर्ण पत्ता द्यायचा तर चार रेघा. टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालवता तेव्हा चालू फोल्डर प्रकल्पाचा असतो. तोच प्रोग्रॅम सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून चालला की चालू फोल्डर "/" होतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये "स्टार्ट इन" रिकामं सोडलं तर सिस्टम-32 होतो. एसक्यूलाइटला दिलेल्या जागी फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, नवी रिकामी फाइल बनवून मोकळं होतं. मग "नो सच टेबल". परवानगी नसेल तर "अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल" येतं, आणि ते बरं, निदान दोष लगेच कळतो. "क्रिएट_ऑल"ही सुरुवातीला चालत असेल तर सगळ्यात वाईट: टेबलं बनतात, प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, फक्त सभासद एकही दिसत नाही, आणि काउंटरवरचा माणूस नव्या फाइलमध्ये नोंदी करू लागतो. पत्ता नेहमी क्लासच्या फाइलवरून काढा, "पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट" असा, म्हणजे कुठूनही चालवलं तरी एकच फाइल उघडेल.

चाचण्यांसाठी मेमरीतला एसक्यूलाइट वापरताना प्रत्येक थ्रेडला वेगळं कनेक्शन मिळतं, आणि वेगळं कनेक्शन म्हणजे वेगळा, कोरा डेटाबेस. इंजिन बनवताना "पूलक्लास" म्हणून "स्टॅटिक-पूल" द्या आणि "चेक_सेम_थ्रेड" बंद करा.

अक्षरांच्या केसवरूनही असंच फसायला होतं. कार्यालयातल्या विंडोज पीसीवर मायएसक्यूएल टेबलांची नावं लहान लिपीत उतरवून घेतं, लिनक्स सर्व्हरवर मात्र कॅपिटल आणि लहान अक्षर वेगळं धरतं. पीसीवर चाललेलं टेबल सर्व्हरवर 1146 देतं. पोस्टग्रेसमध्ये टेबलाच्या नावात कॅपिटल अक्षर असेल तर अल्केमी ते अवतरणात घालून बनवते. मग पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनमध्ये) साध्या पद्धतीने नाव टाइप केलं की "रिलेशन डज नॉट एक्झिस्ट". टेबल आणि कॉलम दोन्हींची इंग्रजी नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेली ठेवा. क्लासचं नाव कॅपिटलने सुरू झालं तरी हरकत नाही.

कॉलम नाही: मायग्रेशन

टेबल आहे, कॉलम नाही, तर "ऑल्टर टेबल" लागणार. एकच मशीन आणि एकच कॉलम असेल तर ते हातानेही लिहिता येतं. पण संस्था दुसऱ्या गावात शाखा काढते, तिथे प्रणालीची जुनी आवृत्ती चालू असते, आणि कुठल्या मशीनवर कुठली "ऑल्टर" झाली याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी अलेम्बिक. डेटाबेसमध्ये ते "अलेम्बिक_व्हर्जन" नावाचं छोटं टेबल ठेवतं आणि त्यात शेवटचा लागू झालेला बदल नोंदवतं.

"अलेम्बिक इनिट" चालवलं की एक "आयएनआय" फाइल आणि एक "एन्व्ह" फाइल मिळते. "आयएनआय"मध्ये डेटाबेसचा पत्ता द्यायचा. पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर वाचतानाच एरर येते. "एन्व्ह"मध्ये "टार्गेट_मेटाडेटा = नन" अशी ओळ असते; तिथे "बेस.मेटाडेटा" लिहा, आणि त्याच्या वर "इम्पोर्ट मॉडेल्स" विसरू नका.

ही इम्पोर्टची ओळ राहिली तर परिणाम भयंकर आहे. अलेम्बिकला मेटाडेटा रिकामा दिसतो, डेटाबेसमध्ये मात्र टेबलं दिसतात. त्याचा निष्कर्ष: ही सगळी टेबलं नको झाली आहेत. "ऑटोजनरेट" केलेल्या फाइलमध्ये "ड्रॉप_टेबल" ची रांग लागते. ती न वाचता "अपग्रेड हेड" चालवलं की सभासद, संकलन, सगळं एका झटक्यात जातं. बनलेली प्रत्येक मायग्रेशन फाइल उघडून वाचायची, याला अपवाद नको. "अपग्रेड" फंक्शनमध्ये न मागितलेला "ड्रॉप" दिसला की थांबा, फाइल फेकून द्या, इम्पोर्ट तपासा.

आधीपासून चालू असलेल्या डेटाबेसवर अलेम्बिक बसवताना घाई नको. क्लासमधला नवा कॉलम तात्पुरता काढा, म्हणजे क्लास आणि टेबल पुन्हा जुळतील. एक कोरा डेटाबेस बनवून त्याच्याविरुद्ध "अलेम्बिक रिव्हिजन --ऑटोजनरेट" चालवा. सगळी टेबलं बनवणारी पायाभूत फाइल मिळेल. मग पत्ता खऱ्या डेटाबेसचा करा आणि "अलेम्बिक स्टॅम्प हेड" द्या. याने टेबलांना हात लागत नाही, फक्त "इथपर्यंत झालेलं आहे" अशी नोंद पडते. आता नवा कॉलम क्लासमध्ये परत टाका, पुन्हा "ऑटोजनरेट" करा. फाइलमध्ये एकच "ॲड_कॉलम" दिसायला हवा. दिसला की "अलेम्बिक अपग्रेड हेड". पायाभूत फाइलचा टप्पा गाळला तरी आजचं काम होतं, पण उद्या उचगावच्या शाखेत नवी मशीन लावताना टेबलं बनवणारं काहीच हाताशी नसतं.

यानंतर प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं "क्रिएट_ऑल" काढून टाका. ते राहिलं तर पुढच्या वेळी नवं टेबल आधी प्रोग्रॅमच बनवतो आणि मग मायग्रेशन "टेबल आधीच आहे" म्हणून अडतं; मायएसक्यूएलमध्ये 1050, पोस्टग्रेसमध्ये 42P07. एका टेबलाला दोन मालक नकोत. क्लास आणि डेटाबेस जुळतात का हे नंतर केव्हाही "अलेम्बिक चेक"ने पाहता येतं. ही कमांड 1.9 पासून आहे.

अलेम्बिकला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. कॉलमचं नाव बदललं, समजा "गाव"चं "गाव_मराठी" केलं, तर ते एक कॉलम काढतं आणि दुसरा कोरा घालतं. सगळी गावं गेली. तिथे फाइलमधल्या त्या दोन ओळी खोडून "ऑल्टर_कॉलम" लिहा आणि "न्यू_कॉलम_नेम"मध्ये नवं नाव द्या. कॉलमचा प्रकार बदलला तर 1.12 पासून तो आपोआप ओळखला जातो. त्याआधीच्या आवृत्तीत "कंपेअर_टाइप" स्वतः चालू करावं लागायचं. "सर्व्हर_डिफॉल्ट"ची तुलना अजूनही मागितल्याशिवाय होत नाही.

एसक्यूलाइटचं वेगळं. त्यात कॉलमचं नाव बदलण्याची सोय 3.25 पासून आली, कॉलम काढण्याची 3.35 पासून, आणि प्रकार बदलण्याची आजही नाही. म्हणून "एन्व्ह"मध्ये "रेंडर_ॲज_बॅच" चालू करा. मग अलेम्बिक नवं टेबल बनवून, ओळी तिकडे हलवून, जुनं काढून, नाव बदलून देतं.

नॉट नल आणि डिफॉल्ट

नवा कॉलम घालताना दुसरी ठेच इथे लागते. 2.0 च्या पद्धतीत "मॅप्ड[स्ट्र]" लिहिलं की तो कॉलम आपोआप "नॉट नल" होतो. "मॅप्ड[ऑप्शनल[स्ट्र]]" लिहिलं तरच रिकामा चालतो. जुन्या "कॉलम(स्ट्रिंग)" पद्धतीत नेमकं उलट, काही सांगितलं नाही तर रिकामा चालायचा. त्यामुळे जुना क्लास नव्या पद्धतीत उतरवताना फक्त टाइप-हिंट बदलली असं वाटतं आणि "ऑटोजनरेट" दहा कॉलमांवर "नलेबल=फॉल्स" लावून देतं.

टेबलात आधीच ओळी असताना "नॉट नल" कॉलम घातला तर पोस्टग्रेस "कंटेन्स नल व्हॅल्यूज" म्हणून नाकारतं, एसक्यूलाइट "कॅनॉट ॲड अ नॉट नल कॉलम" म्हणतं. रीतसर मार्ग तीन पायऱ्यांचा: आधी रिकामा चालणारा कॉलम घाला, मग "अपडेट"ने भरा, मग "नॉट नल" करा. पण कन्नड नावाच्या बाबतीत मुळात "ऑप्शनल"च योग्य. जुन्या सभासदांची कन्नड नावं कागदपत्रं बघितल्याशिवाय कळणार नाहीत, आणि रिकामी स्ट्रिंग भरून "नॉट नल" साधलं तर कुणाचं नाव भरायचं राहिलंय ते शोधायचा साधा मार्गही जातो.

"डिफॉल्ट" आणि "सर्व्हर_डिफॉल्ट" यांत गल्लत फार होते. पहिलं पायथनच्या बाजूला लागतं, टेबलाला त्याची गंधवार्ता नसते. एक्सेलमधून थेट डेटाबेसात भरलेल्या ओळींना ते मिळत नाही. बाहेरूनही ओळी येणार असतील तर "सर्व्हर_डिफॉल्ट" द्या. आणि संकलनाच्या वेळेसाठी "डिफॉल्ट=डेटटाइम.नाऊ()" असे कंस लावले असतील तर प्रोग्रॅम सुरू झाला तीच वेळ दिवसभराच्या प्रत्येक ओळीला लागते. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकाच मिनिटाचं दिसू लागलं की हे कंस काढा. फंक्शनचं नाव द्यायचं, ते चालवायचं नाही.

कन्नड-मराठी मजकूर आणि तालुके

"स्ट्रिंग(50)" म्हणजे पन्नास अक्षरं, पण डेटाबेसच्या हिशेबाने. "श्रीकृष्ण" आपल्याला तीन अक्षरी वाटतं. त्यात श, हलन्त, र, ईकार, क, ऋकार, ष, हलन्त, ण असे 9 कोडपॉइंट, म्हणजे संगणकाने वेगवेगळी मोजलेली चिन्हं, आहेत. कन्नड जोडाक्षरांचंही तसंच. सभासद, वडील, आडनाव मिळून 50 सहज ओलांडतात. एसक्यूलाइट लांबी पाळतच नाही, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस 22001 देतं, मायएसक्यूएल 1406. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर आणखी वाईट, नाव मधेच कापून साठवलं जातं. नावांना 150 ठेवा.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुधा टेबल लॅटिन-1 मध्ये बनलेलं आहे, 8.0 च्या आधीच्या मायएसक्यूएलमध्ये डिफॉल्ट तेच होतं. क्लासच्या "टेबल_आर्ग्ज"मध्ये "मायएसक्यूएल_कॅरसेट" म्हणून "यूटीएफ8एमबी4" द्या. याने फक्त नवी टेबलं सुधारतात. जुन्यासाठी मायग्रेशनमध्ये "कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट" हाताने लिहावं लागतं. प्रश्नचिन्हं होऊन बसलेली नावं मात्र परत येत नाहीत, ती पुन्हा टाइप करा.

तालुक्यासाठी "एनम", म्हणजे ठरावीक किमतींचीच यादी असलेला प्रकार, वापरण्याचा मोह टाळा. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, पुढे स्वतंत्र तालुका झाली. पायथनच्या एनममध्ये निपाणी घातली तरी पोस्टग्रेसचा एनम तसाच राहतो, अलेम्बिक तो फरक पकडत नाही, आणि पहिली नोंद 22P02 देते. मग "ऑल्टर टाइप … ॲड व्हॅल्यू" हाताने लिहा. पोस्टग्रेस 12 च्या आधी ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालायचंच नाही आणि आजही नवी किंमत कमिटनंतरच वापरता येते, म्हणून "ऑटोकमिट_ब्लॉक"मध्ये ठेवा. त्यापेक्षा तालुक्यांचं वेगळं टेबल आणि फॉरेन की. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगाव शहराचं अधिकृत इंग्रजी स्पेलिंग बदललं तेव्हापासून जुन्या-नव्या दोन्ही स्पेलिंगच्या ओळी अनेक यादीत शेजारी शेजारी नांदताहेत. फॉरेन की असती तर एकच ओळ बदलावी लागली असती. दूरध्वनीचा कॉलम "इंटिजर" केलेला असेल तर तोही इथेच स्ट्रिंग करून घ्या. बेळगावच्या 0831 या एसटीडी कोडचा शून्य त्यात गेलेला असतो.

लाइट गेली आणि मायग्रेशन अर्धवट राहिलं

पोस्टग्रेसमध्ये चिंता नाही. तिथे "ऑल्टर टेबल"ही ट्रान्झॅक्शनमध्ये असते, मधेच वीज गेली तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएल प्रत्येक "ऑल्टर"नंतर स्वतःच कमिट करतं. तीन कॉलमांपैकी दोन घातले गेले, "अलेम्बिक_व्हर्जन" मात्र जुनंच, आणि पुन्हा "अपग्रेड" दिलं की 1060, डुप्लिकेट कॉलम. अशा वेळी "शो क्रिएट टेबल"ने काय झालंय ते पाहा, झालेले कॉलम हाताने काढा आणि "अपग्रेड" पुन्हा चालवा. किंवा राहिलेला कॉलम हाताने घालून "स्टॅम्प" द्या. फाइलमधल्या ओळी खोडून काम भागवू नका, ती फाइल दुसऱ्या शाखेतही चालायची आहे. एसक्यूलाइटमध्ये बॅच अर्धवट राहिली तर "_अलेम्बिक_टीएमपी_सभासद" असं टेबल मागे उरतं आणि पुढचा प्रयत्न त्यावर अडतो. मूळ "सभासद" शाबूत आहे, त्यातल्या ओळींची संख्या बरोबर आहे, एवढी खात्री केल्यावरच ते तात्पुरतं टेबल काढा.

जमिनीचा कॉलम

सीमाभागात हमखास चुकणारा कॉलम म्हणजे क्षेत्रफळ. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, पलीकडच्या महाराष्ट्रातल्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये. निपाणीकडच्या एकाच घराची जमीन दोन्ही बाजूंना असू शकते. क्लासमध्ये "क्षेत्र: मॅप्ड[फ्लोट]" लिहिलं की काउंटरवर 2 एकर 20 गुंठे "2.20" म्हणून टाइप होतात. एकरात 40 गुंठे, म्हणजे खरं क्षेत्र अडीच एकर. बेरीज मात्र 2.2 धरून होते. शिवाय फ्लोटमध्ये शेवटचा शून्य टिकत नाही, त्यामुळे 2-20 आणि घाईत "2.2" असं टाइप केलेले 2 एकर 2 गुंठे एकसारखे दिसतात.

हे नुसत्या मायग्रेशनने सुटत नाही, आधी ओळी वेगळ्या कराव्या लागतात. दशांशानंतरचे दोन आकडे 40 किंवा जास्त असलेली ओळ एकर-गुंठ्याची असूच शकत नाही. ती सातबारावरची हेक्टर-आर आहे किंवा कुणीतरी दशांश एकर लिहिला आहे. दशांशानंतर एकच आकडा असलेल्या ओळी संशयित समजा आणि उताऱ्याशी ताडून पाहा. उरलेल्यांत सातबारावरच्या किंवा दशांश एकराच्या ओळी नाहीत याची खात्री केल्यावर रूपांतर करा: पूर्णांक गुणिले 40, अधिक दशांशाचे दोन आकडे. दशांश भाग 100 ने गुणल्यावर "राउंड" करा, फ्लोटमध्ये .29 चे 28.999 होतात आणि नुसतं "इंट" केलं तर एक गुंठा जातो.

नव्या क्लासमध्ये "एकर" आणि "गुंठे" असे दोन इंटिजर कॉलम ठेवा, गुंठ्यावर 0 ते 39 चा "चेक-कन्स्ट्रेंट" लावा, आणि "हेक्टर", "आर" हे वेगळे कॉलम, सोबत "राज्य". चेक-कन्स्ट्रेंटला नाव द्या. निनावी असेल तर पुढे काढताना अलेम्बिकला तो सापडत नाही. सोय म्हणून मेटाडेटाला "नेमिंग_कन्व्हेन्शन" दिली की बाकीच्या कन्स्ट्रेंटना नावं आपोआप पडतात. जुना "क्षेत्र" कॉलम याच मायग्रेशनमध्ये काढू नका. संशयित ओळी उताऱ्यावरून तपासून होईपर्यंत तो तसाच राहू द्या, काढायचं मायग्रेशन वेगळं लिहा.